सरस वाळेपर्यंत

अहिंसेच्या तालमीत पहिला फटका काकूंनी मारला.

तालीम कारखान्यातच चालली होती. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, वर पत्रा, मध्ये दोन कामाची बाकं, कोपऱ्यात सरसाची शेगडी आणि पायाखाली रंध्याचे कुरळे छिलके. काम आटोपल्यावर आत्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं होतं, कारण सकाळी गवंडी येणार होता. आत्यांच्या थोरल्या भावाने, थोरल्यांनी, तसा निरोपच धाडला होता. पुढचं दुकान आणि मागचा कारखाना यांच्यामधल्या गल्लीच्या तोंडाशी भिंत उठणार, वर छप्पर पडणार आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचं तिथं गोदाम होणार. लाकडाची गाडी कारखान्याशी यायची ती त्याच गल्लीतून. दुसरी वाट नव्हती. म्हणजे भिंत उभी राहिली की धाकट्या भावाचा कारखाना बसला.

धाकट्याला सगळं घर ‘ठिणगी’ म्हणायचं. का म्हणायचं ते त्याच्याजवळ थोडा वेळ थांबलं की कळे.

"तालमीत दादाचं काम मी करणार," ठिणगी हट्टाला पेटला. "दुसऱ्या कुणाला तो जमायचा नाही."

"कर बाबा," आत्या म्हणाल्या. "आम्ही तिघी बसतो. त्याने काहीही म्हणू दे, आपण उठायचं नाही, हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. समजलं सगळ्यांना?"

काकूंनी, म्हणजे ठिणगीच्या बायकोने, मान हलवली. ठिणगीच्या लेकीनेही हलवली. ती कारखान्यातलं पॉलिशचं काम बघे, म्हणून तिचं नावच ‘पॉलिश’ पडलं होतं.

ठिणगीने खुर्चीची एक गोल गादी सदऱ्याखाली कोंबली, किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि दारातून आत आला. आला तो थोरलेच आले. तेच पोट पुढे काढून चालणं, तेच किल्ल्या खुळखुळवणं, बोलण्याआधी तेच नाकाने हुंकारणं. पॉलिशला हसू आवरेना. ठिणगी काकूंसमोर उभा राहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काय गं, तुझ्या हातची भाजी खायची म्हणजे शेजारी पाण्याची घागर घेऊनच बसायचं का?"

हे वाक्य थोरल्यांचंच होतं. काकू नव्या नवरी असताना भरल्या पंगतीत त्यांनी ते उच्चारलं होतं, आणि काकूंनी त्या दिवशी ते गिळलं होतं. आज गिळलं नाही. हाताशी पॉलिश कागदाची गुंडाळी होती. ती त्यांनी उचलली आणि फाडकन नवऱ्याच्या दंडावर ठेवून दिली.

"अगं! मी आहे, मी!"

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "तुम्हीही तेव्हा हसला होतात."

आत्यांनी कपाळाला हात लावला. मग अदलाबदल केली. पॉलिश झाली गवंडी आणि ठिणगीला खुर्चीत बसवलं. पॉलिशने नुसतं बोट त्याच्या खांद्याला टेकवून म्हटलं, "मालक, बाजूला व्हा." तर हा ताडकन उभा, आणि हातात पटाशी! ती त्याने कधी उचलली हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पुन्हा बसवलं. पुन्हा उठला. तिसऱ्या खेपेला पॉलिश बोट लावायच्या आधीच उठला.

"जमणार नाही ताई," तो घाम पुसत म्हणाला. "हे तुझं बालवाडीतलं शहाणपण. तिकडून विटा घेऊन माणसं येणार आणि आपण इकडे हाताची घडी घालून बसायचं? याला लढाई म्हणतात?"

"लढाईच आहे ही."

"हात न उचलता?"

"बरं, उचल हात. कुणावर उचलशील? गवंड्यावर? तो बिचारा मजुरीने आलेला माणूस, त्याला मारून दादाला काय लागणार? मग दादावर उचल. समज, तू जिंकलास. दादा दवाखान्यात पडला. त्याला जेवणाचा डबा कोण नेऊन देणार?"

ठिणगीने पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"मी," आत्या म्हणाल्या. "आणि तू पाठीमागून विचारणार, ताई, त्याने भात खाल्ला का?"

पॉलिश खुदकन हसली. आत्यांनी त्याच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि भिंतीवरच्या तिच्या खाचेत ठेवली. "आपण बसायचं. त्यांना भिंत घालायची तर आपल्याला उचलून बाजूला ठेवावं लागेल, भर उजेडात, चार लोकांदेखत. माणसाला लाज वाटते रे."

"आणि नाही वाटली तर?"

"तर आपण परत येऊन बसायचं."

"आणि तरी भिंत झाली तर? कारखाना गेला तर?"

खोटं सांगायची आत्यांना सवय नव्हती. लहान मुलांना शिकवणाऱ्याला ती परवडत नाही. "तर गेला," त्या म्हणाल्या. "पण भाऊ राहील. मारामारी केलीस तर दोन्ही जातील."

बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी सहा खुर्च्या करायच्या होत्या. पाय, पाठी, बैठका सगळं तासून तयार होतं. फक्त सरस लावून जुळवायचं बाकी होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, खुर्ची डुगडुगता कामा नये, माझ्याकडे येणारा माणूस आधीच थरथरत असतो.

आत्यांनी जन्मभर चार-पाच वर्षांची मुलं सांभाळली होती. वर्गभर धावणाऱ्या मुलाला ‘धावू नको’ म्हणून उपयोग नसतो, तो आणखी धावतो. त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला द्यावा आणि म्हणावं, हा त्या कुंडीपर्यंत पोचव बरं. मग बघावं ते पोर कसं पाऊल टाकतं.

"सकाळी सरस लवकर तापव," त्या भावाला म्हणाल्या. "आणि खुर्च्या गल्लीत जुळव."

ठिणगीने बहिणीकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. त्याला पेला दिसला होता.

*

खुर्ची कशी जुळते ते इथं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पायाचं टोक बैठकीच्या भोकात बसतं. दोहोंना गरम सरस लावतात. सरस ओला असताना सांधे थोडे सैल असतात, आणि तेवढ्या वेळात खुर्चीवर वजन ठेवलं की चारही पाय आपापली जागा धरून जमिनीला टेकतात. मग सरस वाळतो, आणि खुर्ची जन्मभर तशीच उभी राहते. वजन हललं तर सांधा हलतो. सांधा हलला की खुर्ची लंगडी.

इतर ठिकाणी यासाठी दगड ठेवतात. या घरच्या वडिलांना दगड मान्य नव्हता. ‘दगडाला बसवून केलेली खुर्ची दगडाच्या उपयोगाची,’ असं ते म्हणत. त्यांनी माणसं बसवली. बायको बसली, सून बसली, पोरं बसली. ठिणगीचे आणि आत्यांचे पाढे ओल्या खुर्च्यांवर पाठ झाले. ओल्या सरसावर बसलेला माणूस या घरात उठत नसे. दूध उतू गेलं तरी नाही.

ऊन गल्लीत उतरलं तेव्हा सहाही खुर्च्या आडव्या रांगेत मांडून झाल्या होत्या, कारखान्याच्या भिंतीपासून दुकानाच्या भिंतीपर्यंत. आत्या एका टोकाला, मग काकू, मग ठिणगी, मग पॉलिश. दोन खुर्च्या रिकाम्या. ठिणगी ताठ बसला होता, हात मांडीवर, तळवे खाली, आणि श्वासही बेताने घेत होता.

गवंडी आला. बरोबर दोन मजूर आणि विटांची हातगाडी. रात्री त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं, उद्या डोकं फुटून येऊ शकतं. तो गल्लीच्या तोंडाशी थबकला.

"मालक, उठताय ना? सूत लावायचंय."

"उठता येत नाही," ठिणगी ओठ न हलवता म्हणाला.

"का?"

"सरस ओला आहे."

शिव्या येतील, काठ्या येतील, याची गवंड्याने तयारी केली होती. सरसाची केली नव्हती. "मग कधी वाळायचा?"

"हवा गार आहे. वेळ लागेल."

"गवंडीभाऊ," आत्या पलीकडून म्हणाल्या, "तुमच्यावर आमचा राग नाही. पण ही भिंत आम्हाला मान्य नाही. तुम्हाला ती घालायचीच असेल तर आम्हाला खुर्चीसकट उचलावं लागेल. आम्ही काही करणार नाही. घ्या, उचला."

गवंड्याने मजुरांकडे पाहिलं. मजुरांनी विटांकडे पाहिलं. शेवटी त्यांतला एक पुढे झाला आणि त्याने ठिणगीच्या खुर्चीची पाठ धरली.

ठिणगीच्या मानेची शीर फुगली. हाताच्या मुठी वळल्या. काकूंनी डोळे मिटले.

"अरे पाठीला काय धरतोस!" ठिणगी ओरडला. "पाठ उपटून हातात येईल! बैठकीखाली हात घाल. दोघं या, दोन्ही बाजूंनी. वाकडी करू नका. आणि ठेवताना चारही पाय एकदम टेकले पाहिजेत, काय?"

मजुराने हात काढून घेतला. "असं नीट सांगितल्यावर कसं उचलायचं हो?" तो गवंड्याला म्हणाला.

गवंडी हातगाडीच्या दांडीवर टेकला. "मालकांना बोलवा," तो म्हणाला. "हे आमच्या कामातलं नाही."

*

थोरल्यांनी आधी बायकोला धाडलं.

वहिनी दुकानाच्या मागच्या दाराने गल्लीत उतरल्या त्या तावातच. सकाळपासून गिऱ्हाइकं मागच्या दाराशी जाऊन डोकावत होती, आणि आपल्या घरचं भांडण गिऱ्हाइकाने बघावं याइतकी वाईट गोष्ट त्यांच्या लेखी दुसरी नव्हती.

"वन्सं, हे काय मांडलंय? लोक हसतायत!"

"हसू देत. रडण्यापेक्षा बरं."

"आणि जाऊबाई, तुम्हीसुद्धा?"

"मी आपली बसलेय," काकू म्हणाल्या. "तुमच्या भावजींनी लावलाय सरस, मी काय करू?"

वहिनींचं लक्ष दोन रिकाम्या खुर्च्यांपैकी जवळच्या खुर्चीकडे गेलं. सांध्यावर सरसाचा थेंब चकाकत होता, अजून ओला. कुणीच बसलेलं नाही! त्या या घरात आल्या तेव्हा अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या आणि त्याची त्यांना फार लाज वाटे. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी त्यांना कारखान्यात नेऊन खुर्चीवर बसवलं, खुर्ची हलवून पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "थोरली सून बसली की खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या हलायची नाही." माहेरी असताना त्यांच्या वजनाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

"वहिनी," ठिणगी मान न वळवता म्हणाला. त्याचा आवाज पार बदलला होता. "रागवा मागाहून. आधी तेवढी ती खुर्ची…"

"भावजी, मी तुम्हाला सांगायला आलेय की…"

"वहिनी, सरस धरतोय."

वहिनींनी दुकानाकडे पाहिलं. मग पदर सावरला. "अहो, आले हं एवढ्यात!" असं दाराच्या दिशेने ओरडून त्या खुर्चीवर बसल्या. बसल्या त्या अगदी मधोमध, सरावाने. खुर्चीने एक बारीकसा आवाज केला आणि ती गप्प झाली.

"वा!" ठिणगी म्हणाला.

वहिनींचा राग कुठे गेला ते त्यांनाच सापडेना.

*

थोरले दाराआडून सगळं बघत होते. रात्रभर त्यांनी मनाशी एकच घोकलं होतं. ठिणगी येईल अंगावर. एकदा का त्याने हात उचलला की प्रश्न मिटला. चार लोक म्हणतील, असल्या माणसाला वाट कशाला द्यायची? आणि मग भिंत घालताना आपलं मनही खाणार नाही. ठिणगी आजवर कधी या बाबतीत चुकला नव्हता.

आता किल्ल्या खुळखुळवत ते गल्लीत आले. "ऊठ."

ठिणगी हलला नाही.

"भ्यालास काय रे? एरवी तर उड्या मारतोस! बायकांच्या मधे लपून बसलास?"

ठिणगी कानापर्यंत लाल झाला. पॉलिशला त्याच्या दातांचा आवाज ऐकू आला. पण तो उठला नाही. भीतीमुळे नाही आणि चांगुलपणामुळेही नाही, आणखी थोडा वेळ धीर धरला तर खुर्ची चांगली होणार होती, एवढ्यासाठीच. सुरुवात कुठून का होईना.

"बोल ना काहीतरी!" थोरले जवळजवळ विनवत म्हणाले.

"दादा," ठिणगी म्हणाला, "ती सहावी रिकामी आहे."

"मग?"

"तिच्यावर वजन नाही. आणखी थोड्या वेळाने उपयोग नाही. बस."

गवंड्याला वाटलं, आपण काहीतरी मदत करावी. "मी विटा ठेवू का त्याच्यावर?"

"विटा?" ठिणगी, आत्या, काकू आणि वहिनी एका सुरात ओरडले, आणि त्यांत, कुणाच्या लक्षात आलं नाही, पण पाचवा आवाज थोरल्यांचा होता.

"मी कसा बसू," थोरले मग पुटपुटले. "माझं वजन पडत नाही."

हे वाक्य वडिलांचं होतं. थोरले लहानपणी काडीसारखे होते. धाकटी भावंडं खुर्च्यांवर बसून पाढे म्हणायची आणि हे दारात उभे. रोज विचारायचे, मी बसू? रोज उत्तर यायचं, ‘तू राहू दे. तुझं वजन पडत नाही. जा, दुकानात बस.’ ते दुकानात जाऊन बसले ते आजतागायत. तिथल्या खुर्च्यांना सरस लागत नव्हता, आणि कुणाचं वजनही लागत नव्हतं.

ठिणगीने सकाळपासून पहिल्यांदा मान वळवली. सावकाश, खांदे न हलवता. भावाच्या पोटाकडे त्याने नीट, कारागिराच्या नजरेने पाहिलं.

"तेव्हा नव्हतं पडत," तो म्हणाला.

काकूंनी तोंडाला पदर लावला. उपयोग झाला नाही.

"हसता काय?" थोरले ओरडले, पण त्या आवाजात दम नव्हता. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. पुढे आले. खुर्चीच्या बैठकीवरून एकदा तळवा फिरवला. "कसं बसायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"मधोमध," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात पहिल्यांदा आलेल्या मुलाशी बोलावं तसा झाला होता. "पाय जमिनीला टेकव. हात मांडीवर. आणि हलायचं नाही बरं का."

थोरले बसले.

*

गवंड्याला रिकामं बसायची सवय नव्हती. मालक बसलेत, सगळेच बसलेत, तर तोवर आपण माप तरी घ्यावं म्हणून त्याने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, रांगेच्या पुढ्यातच, सूत ताणलं आणि पाणसळ लावून ते सारखं केलं.

ठिणगी समोरच्या सुताकडे पाहत होता, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. आत्यांच्या पायाशी सूत जमिनीपासून वीतभर वर होतं. वहिनींच्या पायाशी चांगलं गुडघ्याला लागलं होतं.

"गवंडीभाऊ," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "सूत वाकडं लागलंय."

"सूत बरोबर आहे. जमीन वाकडी आहे. पाणी गटाराकडे जायला उतार दिलाय ना. मध्ये खड्डेही आहेत."

"ताई!" ठिणगी किंचाळला. "गल्लीला उतार आहे!"

चाळीस वर्षं तो या गल्लीतून खांद्यावर फळ्या घेऊन येत-जात होता, आणि नजर नेहमी फळीच्या टोकावर असे. आज मन लढाईत होतं. वजन, वेळ, सरस, सगळ्यांचा विचार झाला होता. जमिनीचा कुणी केला नव्हता.

"मग उठायचं का?" पॉलिशने विचारलं.

"उठून काय करणार? आता धरला सरस!"

"डॉक्टरांना काय सांगणार आहेस?" थोरल्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? दुकान तू चालवतोस ना? गिऱ्हाइकाशी तू बोल!"

"वा! खुर्च्या तू वाकड्या करायच्या आणि बोलणी मी खायची?"

"वाकड्या कुणामुळे झाल्या? भिंत कुणाला घालायची होती?"

दोघं भाऊ मधल्या माणसांच्या डोक्यांवरून तासभर कडाकडा भांडले. एकही मान हलली नाही, एकही हात मांडीवरून निघाला नाही. आत्यांनी डोळे मिटून ऐकलं. असं भांडण त्यांनी वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. तेव्हापासून निरोप चालत, भांडण नव्हे.

दुपारी सरस कडक झाल्यावर थोरले सोडून एकेक जण उठला. पाच खुर्च्या दुकानात नेऊन गुळगुळीत फरशीवर ठेवल्या. पाचही डुगडुगल्या. कारखान्यात नेल्या, तिथेही टक-टक. मजुरांनी त्या परत गल्लीत आणल्या, तेव्हा असं दिसलं की आत्यांची खुर्ची आत्यांच्याच जागेवर ठेवली तर डोंगरासारखी उभी राहते. एक पाऊल सरकवली की लंगडते. वहिनींची वहिनींच्या जागी, काकूंची काकूंच्या. दुसऱ्या कुठल्याही जमिनीवर त्यांना उभं राहता येणार नव्हतं.

"डॉक्टरांसाठी नव्या जुळव," थोरले म्हणाले. "फरशीवर. त्यांना मी सांगतो उशीर होईल म्हणून."

"आणि या सहा?"

थोरल्यांनी बसल्या बसल्या आपल्या बैठकीची कड चाचपली.

गवंडी डोक्याचं फडकं झटकत जवळ आला. "मालक, मग उद्या येऊ का?"

"ये," थोरले म्हणाले. खुर्च्या पुसणाऱ्या ठिणगीच्या हातातलं फडकं थांबलं. "कारखान्याच्या दाराशी पायरी कर. हा फळ्या घेऊन येतो आणि दर वेळी ठेचकाळतो. समोर बघून चालायची सवय नाही त्याला."

"उरलेल्या विटा?"

"ने तुझ्या घरी."

दुकानातून वहिनींची हाक आली. गिऱ्हाईक आलंय, किल्ल्या तुमच्याकडे आहेत, या लवकर. थोरले आपल्या खुर्चीवर, मधोमध, पाय टेकवून, हात मांडीवर ठेवून बसले होते.

"थांब जरा," त्यांनी ओरडून सांगितलं. "सरस ओला आहे."

तो कधीच वाळला होता. ठिणगीने त्यांच्या खुर्चीच्या सांध्याला बोट लावून पाहिलं आणि दुकानाच्या दिशेने म्हणाला, "हो वहिनी. ओला आहे अजून."